तुराट्यांची ताटी

बत्तीघरात बसणाऱ्याला खाण कळत नाही, पण कळते असा आव पुष्कळ असतो. मीही तसाच होतो. छप्पन साली हिंगणघाटच्या पलीकडे, नदीकाठच्या खाणीत मी उतरणाऱ्याच्या हाती बत्ती द्यायचो आणि तो वर आला की ती परत खुंटीला लावायचो. एकतीस नंबर कवडूचा.

तेव्हा खांब काढणं चाललं होतं. आधी छत तोलायला कोळशाचेच खांब सोडायचे, मग शेवटी तेही तोडत माघारी यायचं आणि मागचं छत पडू द्यायचं. ते कधी पडेल हे ओळखण्यावर सगळ्यांचा जीव. कवडू त्यासाठी तुराटी वापरायचा, तुरीचं वाळकं खोड. रोज सकाळी ठरलेल्या एकाच चौकात, दोन बोगदे मिळतात तिथे, जमीन आणि छत यांच्यामध्ये नवी तुराटी ताठ बसवायची. ती वाकली की पळायचं. तुराट्या बायकोच्या माहेरच्या, आंजी गावच्या शेतातल्या. म्हणून पाळी संपली की तो ती काढून घरी न्यायचा. सासरची वस्तू अंधारात टाकून येणं त्याला पटत नव्हतं.

सरदार, म्हणजे पाळीचा मुकादम, तानबा रोज एकच विचारायचा, "काडी सरळ हाय ना?"

"हाय जी."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी कवडूची बायको रुखमा तुराट्यांचा भारा काखेत घेऊन आली. मी म्हटलं, "काय वो, खाणीत चूल मांडता का?"

ती हसली नाही. "भाऊजी, त्याईले वर बोलवा."

"काऊन?"

"न्हाणीले ताटी कराले ह्या काड्या जमवल्या. पाह्यलं तं एकीपेक्षा एक आखूड. मले वाटलं, हे वेड्यावानी कापून राह्यले. काल टोकलं तं म्हणे, तेवढीच बसते."

मला काही उमगलं नाही. चालू पाळीत बाई खाणीच्या तोंडाशी आली की अपशकुन, असं कामगार मानायचे, आणि तानबाच्या शिव्या मलाच खाव्या लागल्या असत्या. "सरदार दोनले वर येते. तवर बसा," म्हणालो आणि डबा उघडला. वांग्याची भाजी होती. खरं सांगतो, सावकाश जेवलो.

हात धुवायला बाहेर आलो. रुखमाने तुराट्या माझ्याच भिंतीला ओळीने उभ्या केल्या होत्या, दिवसांच्या क्रमाने. अकरा काड्या, सगळ्या सरळ. पहिलीचं टोक माझ्या भुवईला येत होतं, अकरावीचं मिशीला.

मी बोटांनी फरक मोजला. छत चार बोटं खाली उतरलं होतं. उतरत होतं ते रात्री, खाण रिकामी असताना आणि काडी कवडूच्या घरी असताना. सकाळी तो नवी काडी मापात कापून बसवायचा आणि ती दिवसभर ताठ उभी राहायची. एकदा जरी ती रात्रभर खाली राहिली असती, तरी सकाळी वाकलेली दिसली असती.

मी भोंगा वाजवला. माणसं धावत वर आली, बत्त्या खुंट्यांवर लागू लागल्या. तानबा आला. शेवटी कवडूचा जोडीदार जंगलू आला, धापा टाकत.

"कवडू कुठी हाय?" मी विचारलं.

"तो म्हणे, काडी सरळ हाय, भोंगा उगाच वाजून राह्यला. सब्बल घेऊन सावकाश येतो म्हणे."

रुखमा खाणीच्या तोंडाकडे धावली. तेवढ्यात आतून वारा आला, कोळशाच्या धुळीने काळा झालेला, आणि तिला मागे ढकलून गेला. भिंतीशी उभ्या केलेल्या काड्या पडल्या. आवाज त्यानंतर आला.

रुखमाने मला कधी बोल लावला नाही. काड्या वेचल्या आणि घेऊन गेली. तिने दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

कवडूच्या चौकातून लोखंडी सब्बल खांद्यावर घेऊन वर यायला पंधरा मिनिटं लागतात. मला जेवायला वीस लागली होती.