पाचवं मूल्य

आमच्या चर्चच्या भिंतीवर निळ्या रंगात पाच मूल्यं रंगवलेली आहेत. त्यातलं पाचवं मार्थानं सुचवलं, आणि मोडलंही मार्थानंच. मोडलं ते माझ्या लेकीच्या बाबतीत, म्हणून मी हे सांगत बसले आहे. नाहीतर मला चर्चची धुणी धुवायची हौस नाही.

चिकलठाण्याला, विमानतळाच्या जवळच आमची मंडळी भरते. पत्र्याचं छत, प्लास्टिकच्या खुर्च्या, निम्मे लोक कंपन्यांमधले. सकाळचं विमान डोक्यावरून जातं तेव्हा पाळकसाहेब उपदेश मध्येच थांबवतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करतात. नवा माणूस हसतो. आम्ही सरावलो आहोत.

गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांच्या मनात आलं, आपली मंडळी कशावर चालते ते भिंतीवर लिहायचं. उपासनेनंतर चहाबरोबर चर्चा झाली. सत्य, क्षमा, सेवा यांवर कुणाचं दुमत नव्हतं. चौथं आदरातिथ्य आलं. मंडळीचे पंच राजकुमार साळवे म्हणाले, वक्तशीरपणा घ्या. ते स्वतः दर रविवारी दुसऱ्या गीताला येतात, त्यामुळे सगळे हसले. मग मार्था उठली.

"आपल्यात एक खोड लई वाईट हाय," ती म्हणाली. "कुणी रडून काही सांगितलं की दुसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीला ठावं. म्हणून लिहा, विश्वासानं सांगितलेलं दुःख दुसऱ्याच्या कानावर जाणार नाय."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, कारण मार्था माझी शब्बाथशाळेपासूनची, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या शाळेपासूनची मैत्रीण. माझ्या लेकीचे, कृपाचे पप्पा गेले तेव्हा महिनाभर माझ्या घरी झोपायला यायची. बहिणीला सांगणार नाही ते मी तिला सांगत होते.

कृपाचं तर तिला सगळंच ठाऊक. कृपाला कॉलेजात असताना फिट आली होती. पुढं गोळ्या सुरू झाल्या आणि कित्येक वर्षांत पुन्हा काही नाही. शेंद्र्याला कंपनीत नोकरी करते, स्कूटर चालवायची नाही एवढंच पथ्य. जालन्याच्या विश्वजितचं स्थळ आलं तेव्हा मी म्हटलं, आधी सांगायचं. कृपा म्हणाली, मीच सांगते. दोघं वेरूळला फिरायला गेले तेव्हा तिनं त्याला गोळ्यांची पट्टी दाखवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? फक्त आईला मला सांगू दे. तिला समजवायला लागेल."

आम्ही थांबलो. लग्न ठरलं की आमच्यात तीन रविवार पुकार होते. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी ती केली, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. कुणी काही बोललं नाही. पण विश्वजितचं आईला सांगणं काही होईना, आणि दुसरी पुकार जवळ आली. स्वयंपाकघरात मार्थाचा हात धरून मी हे सगळं सांगून रडले. तिनं डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. मला फार हलकं वाटलं, खोटं का बोलू.

दुसऱ्या पुकारीच्या रविवारी विश्वजित आईवडिलांना घेऊन आला. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. पुकार झाली. मग मोकळी प्रार्थना, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची. मार्था उभी राहिली. तिच्यासारखी प्रार्थना आमच्यात कुणाला येत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं.

"स्वर्गीय पित्या," ती म्हणाली, "आमची कृपा आता सासरी चाललीय. तिला फिटा येतात, हे तुला ठावं हाय, बापा. गोळ्यांवर लेकरू जगतंय. तिच्या सासूच्या मनात दया घाल. तिची आई रात्रंदिवस रडतीय, तिला धीर दे."

रोज नको तेव्हा येणारं विमान त्या दिवशी लेट होतं. पत्र्याखाली शब्द न् शब्द ऐकू आला. साऱ्या मंडळीनं आमेन म्हटलं. सवयीनं माझ्याही तोंडून आमेन निघालं, त्याची मला अजून चीड येते.

चहाच्या वेळी विश्वजितची आई माझ्यासमोर आली. बाई ओरडल्या नाहीत. "एवढी मोठी गोष्ट तुम्ही दडवली," म्हणाल्या.

"दडवली नाही. विश्वजितला सगळं माहीत आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो कपातल्या चहाकडे बघत होता. "मला नव्हतं माहीत," तो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. पण कृपानं माझा दंड धरला आणि ती त्याच्या आईला म्हणाली, "काकू, मी सांगितलं तेव्हा यांचं लक्ष नसेल. तुम्ही निघा आता, जालन्याला पोचायला ऊन होईल." मग तिनं सगळ्यांचे कप गोळा केले. त्यात त्याचाही होता.

लग्न मोडलं. शेजारची पारूबाई म्हणाली, "असला नवरा नंतर कळला असता तर? सुंठीवाचून खोकला गेला." बरोबरच आहे. पण माझी लेक आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि तो खोकला काही मला गेलेला दिसत नव्हता.

मार्था आली नाही. पाळकसाहेब आले, साळव्यांना घेऊन. "दीनाताई," पाळकसाहेब म्हणाले, "तिचा हेतू चांगला होता. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मनात अढी ठेवून मेजाजवळ येऊ नये. क्षमा हे आपलं मूल्य आहे."

"दुसरं," साळव्यांनी आठवण करून दिली.

"पाचवं कुणी वाचलं नाही का?" मी विचारलं. "आणि क्षमा मागितलीय कुणी माझ्याकडं? का ती पण मीच मागून, मीच द्यायची?"

साळवे म्हणाले, "मार्थाबाई म्हणतात, म्या देवाला सांगितलं, माणसाला नाय."

मी चहा ठेवला नाही. माझ्या घरून पाळक चहाशिवाय गेले ते पहिल्यांदाच. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी नीट कळलं. परक्यानं सुरी आणली असती तर मी ओरडले तरी असते.

रविवारी मी चर्चला जाणार नव्हते. कृपाच उठली, न्हाली, म्हणाली, "आपण का लपायचं, मम्मी?" म्हणून गेलो.

तिसरी पुकार झाली नाही. पाळकसाहेबांनी त्या जागी एक गीत जास्त घेतलं. प्रभुभोजनाआधी, म्हणजे मेजाजवळ जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, आमच्यात एकमेकांना हात द्यायची रीत आहे. ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्यानं त्याच्याकडे जायचं. खुर्च्या सरकल्या, लोक उठले, पण प्रत्येकाचा एक डोळा आमच्या रांगेवर. मार्था मधल्या वाटेनं आली. डोळे भरलेले, दोन्ही हात पुढे. मागच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"सलाम, दीना," ती म्हणाली. "तू रागावलीस, तरी मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते."

चुकलं म्हणाली असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. खरंच पडले असते, एवढी मी तिच्यावाचून एकटी झाले होते. मी वाट पाहिली. ती नुसती हात पुढे करून उभी होती. तिच्या पाठीमागं भिंतीवर पाचवं मूल्य दिसत होतं.

मी तोंड उघडलं तेवढ्यात विमान आलं. पत्रे थरथरले. मी थांबले, ते पुरतं जाऊ दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कर. पण मनातल्या मनात कर."

तिचे हात खाली गेले. कुणीच आमेन म्हटलं नाही. कृपा उठली आणि मेजाकडे गेली. मी माझ्या खुर्चीवर बसून राहिले.