उचललेला भंडारा

लोणंदच्या ओतकाम कारखान्यात पूर्वी विमावाल्यांची रांग लागायची. एकजण हप्ता कमी करी, दुसरा कामगारांच्या आईबापांनाही विम्यात घेई. मालक लालासाहेब मिशीत हसत आणि दरवर्षी पगारही थोडाफार वाढवत. मग मोठ्या कंपनीनं धाकट्या गिळल्या. एकच उरली, आणि ती म्हणेल तो भाव झाला.

दसऱ्याला मशिनांची पूजा झाल्यावर लालासाहेबांनी सगळ्यांना थांबवलं. "विमा लय महागलाय, गड्यांनो. आईबाप त्यात ठेवायचं तर तीन वर्सं पगारवाढ न्हाई. ठरवा."

आटपाडीचा बिराप्पा ऐकून पुढं सरकला. त्याच्या आईच्या, रंगुबाईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी संक्रांतीनंतर बोलावलं होतं. त्याचा जोडीदार सूरज कुरकुरला, "माझं आईबाप कवाच गेलं. आन पगार वाढल्याबिगर मला पोरगी कोण दील?" बिराप्पानं त्याचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले.

शेवटी कारखान्यातल्या धनगर मंडळींनी बिरोबाचा भंडारा मध्ये मांडला. एकेकानं ती हळद मुठीत उचलून शब्द दिला, तीन वर्षं वाढ मागणार नाही. बाकीच्यांनीही उचलली, सूरजनंसुद्धा. मालकांनी भक्तिभावानं कपाळाला लावली.

दिवाळी सरली आणि विमा कंपनीनं हप्ता आणखी चढवला. लालासाहेबांनी सरळ आईबापांना विम्यातून काढून टाकलं.

बिराप्पा तरातरा त्यांच्या केबिनमध्ये गेला. "आवं मालक, मग पगार तरी वाढवा. आयचं आपरेशन हाय."

"देवाम्होरं शब्द दिलाय तुमी."

"तुमी बी दिलाता की!"

"मी कवा रं? उचलला तुमी. मी नुसता कपाळाला लावला."

खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं. देवाला बांधून घ्यायला हातावर पोट असलेलेच बरे सापडतात.

शपथ मोडून संप करायचं बिराप्पाच्या मनात आलं. घरी त्यानं ते बोलून दाखवताच रंगुबाई धापा टाकत उठून बसली. "माज्यापायी देवाला खोटं पडू नगंस. मला घास तरी जाईल व्हय?"

सूरजची सोयरीक पगाराचा आकडा ऐकूनच मोडली. ऑपरेशनाविनाच फाल्गुनात रंगुबाई गेली. मातीला सूरज आला आणि बिराप्पाला खेटून बसला. मालकांनी भला मोठा हार पाठवला होता. बिराप्पानं तो उकिरड्यावर भिरकावला.

तेरावं उरकून तो पहिल्या पाळीला हजर झाला. शब्दाची अजून अडीच वर्षं उरली होती.