छातीच्या उंचीवरचं वय

मी गिरमिट बोलतोय, आणि मला राग आलाय. सुताराच्या पिशवीतलं साधं गिरमिट नव्हे मी. मी आतून पोकळ आहे. मला जिवंत झाडाच्या खोडात फिरवत घालतात आणि माझ्या पोटातून पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी ओढून काढतात. त्या कांडीवर दर वर्षाची एक रेघ असते. झाड न पाडता त्याचं वय कळतं. काम चांगलं आहे. माणसांच्या हाती गेलं की बिघडतं.

स्वीडनमधल्या एका कारखान्यात मी घडलो आणि तिथून उत्तरेच्या एका विद्यापीठात, तोर्केल नावाच्या प्राध्यापकाच्या कपाटात आलो. वीस वर्षांत त्याच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मला पिळलं. कुणी मेण लावायला विसरायचं, कुणी मला खोडात तसाच ठेवून डबा खायला बसायचं. तेवढ्यात झाड मला आवळून धरतं, मग दोघंदोघं माझ्या मुठीला लोंबकळतात आणि शिव्या मलाच. इल्वा तशी नव्हती. ती रोज मला पुसून, मेण चोळून ठेवायची. म्हणूनच तिच्यावरचा राग सगळ्यांत जास्त आहे.

इल्वाची पीएच.डी. उत्तरेकडची स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची जंगलं किती वाढतात यावर होती. त्यातली एक टेकडी रेनडिअर पाळणाऱ्या सामी जमातीतल्या रिस्तेन नावाच्या बाईच्या चराईची. जमीन एका लाकूड कंपनीची, चराईचा हक्क रिस्तेनच्या घराण्याचा. बर्फावर कडक पापुद्रा धरला की तिच्या रेनडिअरांना खाली खणता येत नाही. मग जुन्या स्प्रूसवरून दाढीसारखं लोंबणारं दगडफूल, तेवढाच त्यांचा घास. तरण्या झाडांवर ते धरत नाही. कंपनीने लिहून दिलं होतं की झाडांचं वय दीडशेच्या पुढे निघालं तर टेकडीला हात लावणार नाही. वय विद्यापीठाने काढायचं. म्हणजे मी.

त्या दिवशी इल्वा झाडासमोर उभी राहिली आणि तिने मला जमिनीपासून एक मीटर तीसवर टेकवलं. रिस्तेन ओंडक्यावर बसून चीजचे तुकडे घातलेली कॉफी पीत होती.

"एवढ्या वर का टोचतेस गं?" तिने विचारलं.

"छातीच्या उंचीवरच मोजतात, रिस्तेन. सगळीकडे."

"सगळीकडे वाकायचा कंटाळा आहे म्हण की. अगं, इथल्या गारठ्यात रोप तुझ्या छातीला लागेपर्यंत माणसाची पोरं लग्नाला येतात. ती वर्षं कुणी मोजायची?"

इल्वा हसली. पण मला फिरवायच्या आधी तिने एकदा खोडाच्या तळाकडे पाहिलं. खरं तर तळाशी मला चालवणं त्रासाचंच असतं. शेवाळ उकरा, गुडघे टेका, माझी लांब मूठ जमिनीला घासते, डास कानात शिरतात. उभ्याने बरं पडतं. शहाण्यांनी त्यालाच पद्धत म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायची.

कांड्या कागदी नळ्यांत भरून परत आलो. रेघा भरल्या एकशे सेहेचाळीस.

इल्वा कॉफीच्या सुट्टीत तोर्केलकडे गेली. आमच्याकडे गुरूलाही एकेरीतच बोलतात. मान द्यायचा तो द्यायचाच, म्हणून तर गप्प बसायची सवय लागते.

"तोर्केल, मला परत जायचंय. तळाशी मोजलं तर आकडा दीडशेच्या वर जाईल."

"तीन हजार झाडं आपण छातीच्या उंचीवर मोजलीत. एका टेकडीसाठी वाकलीस तर तुलना कशाशी करणार?"

"वाढीसाठी ठीक आहे. पण कंपनी ते वय म्हणून वाचणार."

"मग तळटीप लिही. आणि दालचिनीचा पाव घे, थंड होतोय."

तिने पाव घेतला. कंपनीला जाणारा तक्ताच प्रबंधातही होता; त्याखाली 'छातीच्या उंचीवर मोजलं' अशी तळटीपही लिहिली, मुंगीएवढ्या अक्षरांत. वर मोठ्या अक्षरांत 'वय', खाली १४६. मी तिच्या खिशात होतो, माझ्या पोलादाची आग आग झाली. अगं बाई, तुला माहीत होतं! नसतं माहीत तर मी बोललोच नसतो.

तळटिपा वाचायला कंपनी काय खुळी आहे? जानेवारीत झाडं तोडायचं यंत्र आलं आणि चार दिवसांत टेकडी बोडकी केली. फेब्रुवारीत बर्फावर पापुद्रा धरला.

बर्फ वितळल्यावर इल्वा टेकडीवर गेली. बैल गेला नि झोपा केला. रिस्तेन तिथेच होती. तिची एकतीस जनावरं उपाशी मेली होती. इल्वाने एका बुंध्याशी गुडघे टेकले आणि टाचणीने रेघा मोजल्या. एकदा, दोनदा, तीनदा. एकशे एकोणऐंशी. मग तिने करवत मागितली.

आमच्याकडे परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध सगळ्यांसमोर खिळ्याने ठोकतात. विभागात त्यासाठी एक गुळगुळीत फळी आहे. इल्वा त्या दिवशी परातीएवढी लाकडाची चकती काखेत घेऊन आली, फळीपुढे उभी केली आणि प्रबंध त्या चकतीवर ठोकला. शेजारी खडूने लिहिलं: 'छापलेलं वय १४६. खरं वय १७९. तळटीप पान ८८.'

इल्वाने रिस्तेनलाही बोलावलं होतं. रिस्तेन पुढे आली आणि तिने चकतीच्या मधोमध अंगठा ठेवला. सुरुवातीची तेहतीस वर्षं तिच्या नखाखाली मावली.

"एवढंच होतं," ती म्हणाली.

तोर्केलने चष्मा पुसला. "पलीकडच्या टेकडीचाही तक्ता कंपनीकडे गेलाय," तो हळूच म्हणाला. "तोही छातीचाच."

"माहीत आहे. शुक्रवारी मी जातेय," इल्वा म्हणाली. "तूही चल. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या दोन जोड घेतल्यात."

आज गुरुवार आहे. माझं टोक झिजलंय, मूठ ढिली झालीय. तोर्केल येईल की नाही, ठाऊक नाही. माझा राग गेलेला नाही आणि मी तो सोडणारही नाही. मला मेण नको, मखमली डबा नको. मला हातात घ्याल तेव्हा आधी गुडघे टेका, एवढंच सांगतो.