मेव्हिस

एनिड ट्रँटरने पाचवं चक्र फिरवून ‘एस’वर आणलं आणि तिचा हात तिथेच राहिला. यंत्रात पुन्हा तेच नाव उभं होतं. एम, ए, व्ही, आय, एस. मेव्हिस.

शेजारच्या यंत्रावरच्या लोर्नाने वाकून पाहिलं. “आली का गं तुझी मेव्हिस?”

ब्रिस्बेनमधल्या एका बंगल्यामागे, मोटार ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत सैन्याचे सांकेतिक संदेश उलगडायची ही यंत्रं मांडली होती. चक्रं कोणती, कुठल्या क्रमाने बसवायची, हे रोज वरून ठरून येई. पण संदेश कुठल्या पाच अक्षरांपासून सुरू करायचा, ते पाठवणाऱ्याने स्वतः निवडायचं, आणि उलगडणारीनेही तीच लावायची. दर वेळी नवी अक्षरं, आणि अर्थ नसलेली. दोन संदेश एकाच जागेपासून सुरू झाले, तर ते एकाखाली एक ठेवून बघणाऱ्या शत्रूला आत शिरायला फट मिळे. खोलीतल्या प्रत्येक मुलीला हे पहिल्याच दिवशी घोकवलेलं होतं.

उत्तरेकडच्या बेटावरचा कोणी एक जण मात्र सारखं हे नाव लावत होता. एनिडने ते ईस्टरपासून पाहिलं होतं, आणि तिने वर कळवलं नव्हतं. युद्धाआधी ती टूवूंबाच्या एका दुकानात टोप्या विकायची. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून तिच्या भावाची काही खबर नव्हती. पीठ, रॉकेल, काडतुसं यांच्या मागण्या उलगडत दिवस जाई, आणि मधेच हे नाव दिसलं की आपल्याला कोणीतरी भेटून गेलं असं तिला वाटे.

त्या दिवशी मात्र तिने उलगडलेला मजकूर पुन्हा वाचला. जखमींना घेऊन निघणाऱ्या जहाजाची वेळ त्यात होती. सकाळी पिठाची मागणीही याच नावापासून सुरू झालेली होती. ती उठली आणि कॅप्टन फेरिसच्या टेबलापाशी जाऊन तिने सगळं सांगितलं, ईस्टरपासूनचंसुद्धा. कॅप्टनने तिला चांगलंच सुनावलं आणि जहाजाची वेळ बदलायला लावली. ते सुखरूप पोचलं.

तो माणूस काही आठवड्यांनी ब्रिस्बेनला आला. त्याला परत शिकवून तयार करायचं होतं, आणि ते काम कॅप्टनने एनिडवरच टाकलं. क्लेम हॉस्किन त्याचं नाव. बंडाबर्गचा पाववाला. हिवतापाच्या गोळ्यांनी कातडी पिवळी पडलेली, हात मोठे. एनिडने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून, कापून चहाच्या डब्यात टाकली आणि न बघता पाच काढायला सांगितलं. तो निमूटपणे काढत राहिला, लावत राहिला. त्याला सगळं येत होतं.

दुपारच्या सुट्टीत दोघं आंब्याखाली चहा घेऊन बसली, तेव्हा तोच बोलला.

“सार्जंटबाई, मला नियम कळत नाही असं नाही हो.”

“मग असं का केलंत?”

“मुलगी आहे माझी. मी निघाल्यावर झाली. तिला अजून पाहिलं नाही मी. तिकडे जो तो आपल्या तापात, कोणापाशी तिचं नाव काढणार? बोटांनी तेवढं म्हणून घ्यायचो.”

एनिडने पेला गवतावर ठेवला. सांगायची काही गरज नव्हती, त्याने विचारलंही नव्हतं. तरी ती म्हणाली, “वर मीच कळवलं होतं.”

तो चहा ढवळू लागला. त्यात साखर नव्हती.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “त्या जहाजात आमच्या गावची पोरं होती.” मग त्याने विचारलं, “ती अक्षरं रोज तुम्हीच लावायचात का?”

“बहुतेक मीच.”

“म्हणजे तिचं नाव कोणीतरी घेत होतं इकडे.”

त्याने तोंड वळवलं. एनिडने त्याचा पेला उचलला आणि आणखी चहा आणायला ती आत गेली, लवकर परत आली नाही.

क्लेमला पुन्हा त्याच बेटावर पाठवलं. तिकडून संदेश येत राहिले. कधी डब्ल्यू, क्यू, बी, एच, जे. कधी आणखी काही. तिथे आता तिघे जण पाळीने बसत, आणि तिघेही डब्यातून चिठ्ठ्या काढत असणार. एकदा बेटावर बाँब पडल्याची बातमी आली. दोन दिवस काहीच आलं नाही, मग पुन्हा पीठ आणि रॉकेल सुरू झालं.

“तुझा पाववालाच आहे ना गं हा?” लोर्नाने विचारलं.

एनिडने चक्रांकडे पाहिलं. अक्षरं अगदी नियमाप्रमाणे होती.

“कळत नाही,” ती म्हणाली, आणि यंत्रातून आलेली, मजकूर छापलेली डिंकाची फीत ओली करून कागदावर चिकटवू लागली.