लाकडी येशू गोरा झाला त्याची गोष्ट

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, जिन्यावर माणसं, आणि काही हौशी तर बाकांवरच चढले होते. पुढे पाहुणे उपदेशक, ज्यांना सगळे ब्रदर म्हणत, एका काळ्याशार लाकडी येशूला पितळी भांड्यातल्या पाण्यानं पुसत होते. फडकं बुडवायचं, चेहऱ्यावरून फिरवायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, प्रभू, तुझं खरं रूप दाखव. मग गाणी. गाणी कसली, संपायचं नावच घेत नव्हती. गाता गाता येशूचं कपाळ उजळलं, मग गाल, मग दाढी, आणि बघता बघता सगळा चेहरा पांढराफटक झाला. लोक ढसाढसा रडू लागले.

शाळेत शिकवणाऱ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. आठवडाभर वर्ग, घरी म्हातारी आई आणि वारलेल्या बहिणीची लेक. खरं सांगायचं तर रविवारी घटकाभर नुसतं बसायला मिळतं म्हणूनच त्या यायच्या. तो लाकडी येशू त्यांच्याच लोकांचा. काळ्या लोकांच्या छोट्या चर्चचं छप्पर कोसळलं, तेव्हा या मोठ्या चर्चमधल्या गोऱ्या मंडळींनी त्यांना आत घेतलं होतं, आणि येताना ते आपल्या सुतारानं कोरलेला येशू घेऊन आले होते. इथे वेदीमागे आधीपासून मोठं चित्र होतं, निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या प्रभूचं. दोघं शेजारी शेजारी आले आणि कुरबुर सुरू झाली. गोऱ्या मंडळींतल्या, चर्चचा कारभार पाहणाऱ्या सेक्रेटरींच्या तर तो लाकडी चेहरा डोळ्यांत खुपत होता. ब्रदरना बोलावून आणलं ते त्यांनीच.

आणि ब्रदरचं तोंड म्हणजे चालू गिरणी. प्रभू गोरा, देवदूत गोरे, स्वर्गातले कपडे पांढरे, मेंढरंसुद्धा पांढरी. काळा काय तो सैतान. आता मूर्तीच कबूल करतेय म्हटल्यावर आणखी काय पुरावा हवा? मूर्ती घेऊन आलेल्या माणसांनीही खूण ओळखावी आणि आपली जागा दुसरीकडे पाहावी. हे ऐकून चिडायचंही त्राण बाईंच्यात उरलं नव्हतं. धक्का बसला तो शेजारी पाहून. त्यांची सत्तरीची आई गुडघे टेकून हुंदके देत होती आणि म्हणत होती, मला ठाऊकच होतं, तो गोराच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मोरीतून बाहेरच येईना. आठ वर्षांची पोर. बाईंनी आतून लावलेलं दार जोरानं ढकलून उघडलं तर तिनं टाचा घासायच्या दगडानं एक गाल सोलून काढला होता. पुढ्यात वाटी होती, आजीनं आदल्या दिवशी ब्रदरकडून आणलेल्या पाण्याची.

“मावशी, माझा का नाही गं होत?” ती म्हणाली. “प्रभूला मी नको आहे का?”

बाईंनी तिच्या हातातला दगड काढून घेतला. पोरीला डॉक्टरांकडे नेलं, गालाला पट्टी बांधून घेतली आणि उशिरानं शाळा गाठली. मुलांनी फळा नुकताच ओल्या फडक्यानं पुसला होता, काळाकुळकुळीत. हजेरी घेऊन होईपर्यंत तो वाळला आणि पांढुरका झाला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. रोज डोळ्यांसमोर होणारी गोष्ट, आणि भर सभेत ती सुचू नये? त्यांनी कपाळाला हात लावला. घरी जाऊन पाहिलं तर वाटीच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता.

पुढच्या रविवारी ब्रदरनी फडकं उचलायच्या आत बाई पुढे गेल्या. बाटलीतल्या साध्या पाण्यानं त्यांनी येशूचा पांढरा चेहरा भिजवला. क्षणात काळा. मग त्या म्हणाल्या, आता गाणी नकोत, नुसते बसून राहा. चेहरा न गाताच पुन्हा पांढरा झाला. तेवढ्या वेळात पितळी भांडं ढवळून त्यांनी चार थेंब ब्रदरच्या चकचकीत काळ्या बुटावर टाकले होते. थेंब वाळले तसे पांढरे डाग उमटले, बूटही पवित्र झाला. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“खडूची भुकटी आहे,” बाई म्हणाल्या. “ओली असताना दिसत नाही, वाळली की दिसते. माझ्या फळ्यावर हा चमत्कार रोज होतो.”

ब्रदर बाजूच्या दारानं सटकले. सेक्रेटरींचा चेहरा उतरला, पण माणूस हटणाऱ्यातला नव्हता.

“ठीक आहे, आम्ही फसलो,” ते म्हणाले. “पण बाई, चित्रात तर प्रभू गोराच आहे ना?”

बाईंना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. खडू धुऊन निघतो, हे कसं धुवायचं?

“चित्र तुमच्या चित्रकारानं काढलं, तुमच्यासारखं,” त्या म्हणाल्या. “मूर्ती आमच्या सुतारानं कोरली, आमच्यासारखी. बायबलातली चारही शुभवर्तमानं वाचा, तो गोरा होता की काळा, याबद्दल अवाक्षर नाही. उन्हाच्या देशातला, सुतारकाम करणारा माणूस, रापलेलाच असणार. आपल्यासारखा देव काढण्यात गुन्हा नाही हो. पण तुमचा रंग देवाचा आणि आमचा सैतानाचा, हे कुठून आणलंत? माझ्या भाचीनं गाल सोलून घेतलाय त्यापायी.”

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. काही जण मान खाली घालून निघून गेले, काही बसून राहिले.

घरी आल्यावर आई बराच वेळ नातीच्या पट्टीवरून बोट फिरवत होती.

“मी जन्मभर त्याच्याशी मालकाशी बोलावं तशी बोलले,” ती म्हणाली. “तुझी बहीण तापानं फणफणली होती ना, तेव्हासुद्धा तिला वाचव म्हणायची छाती झाली नाही. म्हटलं, एवढा गोरा साहेब, आपल्यासाठी कशाला थांबेल.”

ब्रदरसारखे लोक येतील आणि जातील, त्यांना पकडायला पाण्याची बाटली पुरते. पण म्हातारीच्या मनात सत्तर वर्षं बसलेला साहेब पाण्यानं जात नाही. तेव्हा घरात गोऱ्या प्रभूचं चित्र टांगलं असेल तर खुशाल असू द्या. फक्त पोरांना लहानपणीच सांगा की हे कुणा माणसानं काढलंय, आणि काढताना आपल्याच घरातल्या चेहऱ्यांकडे पाहून काढलंय. त्यांना प्रश्न विचारू द्या. मोरीचं दार आतून बंद व्हायच्या आधी.