तीन ठसे

शिक्केवाल्याने समन्सचा कागद परवाना कार्यालयाच्या खिडकीच्या काचेवर सपाट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काच ठोकायला सुरुवात केली.

"वाचा. मोठ्याने वाचा. चालक म्हणून कोणाचं नाव आहे?"

"काका, काच फुटेल," आतला कारकून म्हणाला.

"फुटू दे! तुम्ही बसल्या जागी माणसाचा संसार फोडता, मी एक काच फोडली तर काय बिघडलं?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. शिक्केवाल्याची बायको गर्रकन वळली आणि तिने त्या हसणाऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने खिशातला फोन काढून त्यात डोकं घातलं. नवऱ्याशी तिचं वर्षातले तीनशे दिवस पटत नसे. पण बाहेरच्याने त्याला हसायचं नाही, हा तिचा कायदा होता.

चार दिवसांपूर्वी हे समन्स घरी आलं होतं. एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं होतं. तिचा पाय मोडला होता. लोकांनी गाडी अडवली, चालकाने परवाना दाखवला, कोणीतरी त्या परवान्याचा फोटो काढून घेतला आणि त्या गडबडीत चालक पसार झाला. परवान्यावर नाव, बापाचं नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं शिक्केवाल्याचं होतं. त्याला तर सायकलसुद्धा धड येत नव्हती. साठीला टेकलेला माणूस, उभा जन्म रबराचे शिक्के बनवण्यात गेला, आणि आता सोमवारी त्याला कोर्टात आरोपी म्हणून उभं राहायचं होतं. पोलिसांनी हात झटकले होते. परवाना खोट्या माणसाने काढलाय असं परवाना कार्यालयाने लिहून द्यावं, मग बघू, असं ते म्हणाले. आज शुक्रवार होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!" बायको म्हणाली. "अहो, तुम्ही नीट बोलू नका. नीट बोलून इथे कोणाला ऐकू येत नाही."

"मावशी, कागद पूर्ण होते म्हणून परवाना दिला," कारकून म्हणाला. त्याचा आवाज अजून शांत होता आणि त्या शांतपणानेच शिक्केवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. "ओळखपत्राची साक्षांकित प्रत होती. तिच्यावर सरकारी डॉक्टरांचा सही-शिक्का होता. आम्ही आणखी काय बघायचं?"

"माणूस बघायचा! समोर उभा असतो ना, तो!"

"प्रतीवरच्या फोटोत काही दिसतं का काका? नुसता काळा डाग असतो. तुम्ही प्रती वाटता कुठेकुठे. देताना प्रतीवर आडवं लिहायचं, अमुक कामासाठी, अमुक तारखेला दिली, म्हणून. म्हणजे दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. कोणी लिहितं का?"

"आता शिकवताय?" बायको म्हणाली. "चोरी झाल्यावर कुलपाची किंमत सांगताय?"

तिने खिडकीच्या बाजूचं दार ढकललं, सरळ आत गेली आणि पहिल्या रिकाम्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली. फाईल बघितल्याशिवाय इथून हलणार नाही, म्हणाली. मागोमाग शिक्केवालाही आत आला. कारकुनाने साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि कपाटाकडे गेला. येताना एक पिवळी फाईल घेऊन आला आणि टेबलावर ठेवून स्वतः उघडली.

अर्जावर फोटो होता. तिशी-पस्तिशीचा माणूस, भांग व्यवस्थित, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. खाली शिक्केवाल्याचं नाव. त्याच्या खाली बापाचं नाव. तो बाप अठ्ठावीस वर्षं कापड गिरणीत उभा राहिला, एका पैची लबाडी न करता गेला, आणि आता या भांगवाल्याचा बाप म्हणून सरकारी फाईलमध्ये पडला होता. घरी यावं तर आपल्याच खुर्चीत, आपलाच सदरा घालून कोणीतरी परका बसलेला दिसावा, तसं शिक्केवाल्याला झालं. हात शिवशिवले. पण फोटोच्या मुस्काटात कशी मारणार?

"हा कुठला हलकट," तो म्हणाला. "याला मी जन्मात पाहिलेलं नाही."

"ही ओळखपत्राची प्रत," कारकुनाने पान पुढे केलं. "तुमचीच ना?"

अर्ध्या कागदावरची प्रत होती. जराशी तिरकी आलेली, कडेला काळी पट्टी. मधोमध साक्षांकनाचा गोल शिक्का, आत डॉक्टरांचं नाव आणि क्रमांक.

"माझीच. पण मी कोणाला दिली नाही! बँकेत दिली, फोनच्या दुकानात दिली, तेवढीच. आणि हा कोण डॉक्टर? बोलवा त्याला! बघू दे मला त्याचं तोंड!"

बोलता बोलता त्याने तो कागद उचलून हवेत फडकवला. समोर बसलेल्या बायकोला कागदाची मागची बाजू दिसली.

ती काहीच बोलली नाही. तेवढ्यानेच तो थांबला, कारण चार दिवसांत ती प्रथमच गप्प झाली होती. त्याने कागद उलटा केला.

मागे तीन ठसे होते. पहिला कोरडा, अर्धाच उमटलेला. दुसरा शाईने बरबटलेला. तिसरा स्वच्छ, एकेक अक्षर मोत्यासारखं. पुढच्या बाजूला होता तोच शिक्का, तेच डॉक्टर, तोच क्रमांक.

नवा शिक्का तयार झाला की शिक्केवाला तो गिऱ्हाइकासमोर तीनदा उमटवून दाखवायचा. कोरडा, ओला, मग खरा. धंद्यात पडल्यापासूनची ही त्याची पद्धत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. तो कागद घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, "घेऊन जा, नमुना म्हणून असू द्या." त्यासाठी कोरा कागद कोण नासणार? घरात रद्दी काय कमी होती? हल्ली जिथेतिथे प्रती मागतात म्हणून तो वीस-वीस काढून आणायचा. तिरक्या आलेल्या, काळ्या झालेल्या बाजूला पडायच्या. बायको त्या मधोमध कापून दुकानात गठ्ठा लावून ठेवायची. कोरी बाजू वर.

शिक्का त्याने केला होता. आणि शिक्क्याबरोबर स्वतःचं नाव, बापाचं नाव, पत्ता, जन्मतारीख असं सगळं घडी घालून स्वतःच्या हाताने दिलं होतं.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं. "डॉक्टर ओळखीचे आहेत का?"

नाही म्हणणं सोपं होतं. कानावर हात ठेवायचे आणि आरडाओरडा करत राहायचं. गळा तर तापलेलाच होता. हो म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का अधिकारपत्र, ओळख काहीच न बघता बनवून दिला, हे कळल्यावर दुकान एक दिवस उघडं राहिलं नसतं.

"मीच कापते ते कागद," बायको हळूच म्हणाली. तिने हे कोणाला सांगितलं ते तिलाही ठाऊक नसावं.

"तू गप्प बस!" तो खेकसला आणि लगेच त्याला स्वतःचाच असा संताप आला, की त्याने टेबलावर मूठ आपटली. फाईल उडाली. "शिक्का माझा आहे. म्हणजे मी केलाय. लिहून घ्या."

कारकुनाने चष्मा काढला. "कोणासाठी केलात?"

"डॉक्टरांसाठी." मग त्याचं त्यालाच ते किती मूर्खपणाचं आहे ते ऐकू आलं. शिक्क्यावर जे नाव, तेच गिऱ्हाइकाचं, असं तो धरून चालायचा. या भांगवाल्याला तो डॉक्टरसाहेब म्हणाला असणार. बसायला खुर्ची दिली असणार.

"म्हणजे हाच माणूस दुकानात आला होता? आठवतो?"

शिक्केवाल्याने फोटो जवळ ओढला आणि पाहिला. बराच वेळ पाहिला. मजकुराची चिठ्ठी धरलेले हात त्याला आठवत होते, पुष्कळ हात. चेहरा एकही आठवत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "वर कधी बघितलंच नाही."

कारकुनाने ड्रॉवरमधून तक्रारीचा छापील अर्ज काढला, पण लगेच दिला नाही. "काका, हे लिहून दिलंत तर आरोपातून तुमचं नाव निघेल बहुतेक. पण उद्या पोलिस दुकानात येतील. घरी जाऊन विचार करा."

"घरी गेलो तर विचारच करत बसेन. द्या इकडे."

त्याने लिहायला घेतलं. नाव, बापाचं नाव, पत्ता. पेन इतका दाबून चालवत होता की कागदाच्या मागे अक्षरं टरारून उठली. अर्ध्यावर एक रकाना होता, अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध. सकाळी घरून निघताना या रकान्यात तो काय लिहिणार होता, ते सांगायला नकोच. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने लिहिलं, आहे, आणि पुढे दोन ओळींत काय आहे तेही लिहिलं.

कारकुनाने वाचून कागद फाईलला लावला आणि पोच दिली. ती घेऊनही शिक्केवाला उठला नाही.

"त्या बाईंचा पाय कसा आहे आता?"

"ते आमच्याकडे कसं कळणार?" कारकून म्हणाला. "समन्सवर असेल त्यांचं नाव, पत्ता."

समन्स त्याच्याच मुठीत होतं, चोळामोळा झालेलं. बायकोने ते काढून घेतलं, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केलं आणि दोघांच्या मध्ये धरलं. चार दिवसांत त्या कागदावरचं स्वतःचं नाव त्याने शंभर वेळा वाचलं होतं. आता त्याच्या खालची ओळ तो वाचू लागला, बोट ठेवून, एकेक अक्षर.