मधला कप्पा

मित्रांनो, बॅगेचा पहिला धर्म म्हणजे तोंड मिटून बसणे. घरातल्या गोष्टी घरात ठेवायच्या, पोटात काय आहे ते चारचौघांत सांगायचं नाही. एकोणतीस वर्षं मी हा धर्म पाळला. पण त्या रविवारी चर्चमध्ये मला जो धक्का बसला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून आज मी स्वतःहून चेन उघडते आहे.

माझा जन्म ओक्लाहोमाच्या पश्चिमेकडच्या एका गावात झाला. तिथे झाडं मोजकी आणि वारा उदंड. ड्वाइट स्टुट्झमन नावाचा माणूस तिथे घोड्यांची खोगिरं शिवत असे. एका मोठ्या खोगिरातून चामडं उरलं, आणि त्याने बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला द्यायला मला शिवलं. मेण लावलेला जाड दोरा, दुहेरी टाके, तीन कप्पे. खोगिराला चेन नसते, त्यामुळे चेन बसवण्यात त्याचा हात कधी बसलेला नव्हता. माझ्या मधल्या कप्प्याची चेन वाकडी बसली. ती अर्ध्यावर अडते, ती आजतागायत. डाव्या अंगठ्याने खालून दाबायचं आणि उजव्या हाताने वर उचलून ओढायचं, मगच ती सरकते.

माझी मालकीण नोरीन पियानो सुरात लावते. दूरदूरच्या शेतांवर, माळावरच्या एकट्या घरांमध्ये, गाडी घेऊन एकटी जाते. तिची अवजारांची पेटी वेगळी, पण सूर जुळवायचा नादकाटा मात्र माझ्या मधल्या कप्प्यात असतो. गाडीला हादरा बसला की तो हळूच वाजतो, आणि माझं सगळं अंग गुणगुणतं. त्याच कप्प्यात पेपरमिंट असतात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, कुरकुरणाऱ्या कागदातले.

लोकांनी माझं कौतुक फार केलं. चर्चमधल्या बायका ड्वाइटच्या मागे लागत, आम्हालाही अशी शिवून दे. तो म्हणे, नोरीनची एकच. मी तेव्हा जरा शेफारलेच होते, हे कबूल करते. ड्वाइट जाऊन आता आठ वर्षं झाली. मग एका नाताळात नोरीनच्या लेकीने, केरीने, तिला हलकी कापडी पिशवी दिली आणि माझी रवानगी दारामागच्या खुंटीवर झाली. तीन महिने मी धूळ खात लटकले. मला सोडवलं ते केरीच्या मुलीने, ज्यूनीने. ती तेव्हा तीन वर्षांची होती. नव्या पिशवीत तिला पेपरमिंट सापडेना, तिने चर्चमध्ये भोकाड पसरलं, आणि दुसऱ्या रविवारी मी पुन्हा नोरीनच्या खांद्यावर होते.

तेव्हापासून आजी-नातीचा एक करार ठरला. नोरीन चर्चमध्ये पियानो वाजवते. प्रवचन संपलं, सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले, की ती उठून पियानोशी जाते आणि प्रार्थना चालू असेपर्यंत हळू आवाजात वाजवत राहते. आजी उठली की तिच्या रिकाम्या जागेवरच्या बॅगेतून ज्यूनीने एक पेपरमिंट घ्यायचं. एकच, आणि कागद न वाजवता. चेनची युक्तीसुद्धा आजीनेच शिकवली. मला तो चिमुकला हात फार आवडायचा. तो आत यायचा तो न बघता, न घाबरता, स्वतःच्या खिशात घालावा तसा.

आता या वर्षीच्या मार्च महिन्याचं सांगते. दोन शेतांच्या मधल्या रस्त्यावर एक करडी पिकअप गाडी आमच्या मागे लागली. नोरीनने वेग वाढवला की ती वाढवायची, कमी केला की कमी करायची. अकरा मैल हा खेळ चालला. पेट्रोल पंपावर नोरीन थांबली, तेव्हा तो गाडीवालाही थांबला, काच खाली करून नुसता हसला आणि निघून गेला. झालं काहीच नाही. पण गाडीत परत बसल्यावर तिने चारही दारांची कुलपं दोनदा तपासली. शेरीफचा माणूस बोलावला तर पोचायला पाऊण तास लागतो. ती भीती खोटी नव्हती, मित्रांनो, आणि तिला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही, निदान मला तरी नाही.

तिचा दीर लाइल स्वतः कमरेला पिस्तूल लावतो. आमच्या गावात त्याचं कोणाला नवल नाही. तो म्हणाला, आता तूही घे, आणि घ्यायचंच तर मोठ्या काडतुसाचं घे. म्हणून आम्ही बर्डेटच्या दुकानात गेलो. बर्डेटने काचेच्या कपाटातून एक आखूड, जाडजूड पिस्तूल काढलं. आधी ते उघडून आत पाहिलं, करंगळी घालून काडतुसाची जागा रिकामी आहे ना ते चाचपलं, मग तसंच उघडं नोरीनच्या हातात दिलं.

"आता तुम्ही बघा, नोरीनबाई," तो म्हणाला. "मी बघितलंय म्हणून तुम्ही बघायचं नाही, असं इथे चालत नाही. देणाऱ्याने बघायचं, घेणाऱ्यानेही बघायचं. सख्खा भाऊ देत असला तरी."

नोरीनने पाहिलं. पिस्तूल एवढं आखूड होतं की त्याच्या मुठीवर तिची दोनच बोटं मावली, करंगळी लोंबकळत राहिली. बर्डेट प्रामाणिक माणूस. त्याने साफ सांगितलं की अंग लहान आणि काडतूस अंगठ्याएवढं, त्यामुळे जवळ बाळगायला सोपं आणि चालवायला अवघड. मागच्या आवारात तिने तीन बार काढले. तिसऱ्या बारानंतर ती मनगट धरून उभी राहिली. पियानोवालीचं मनगट म्हणजे तिची भाकरी. पण लाइल म्हणाला, "सवयीने होईल. त्या गाडीवाल्याला तुझं मनगट दिसणार नाही, तोंड दिसेल पिस्तुलाचं."

विचार करा, म्हणून बर्डेटने तिच्या नावाची चिठ्ठी लावून ते पिस्तूल बाजूला ठेवलं. लाइलने तर त्याहून पुढची मजल मारली. आपलं तसलंच एक जुनं पिस्तूल त्याने तिला दोन आठवडे वापरून बघायला दिलं. घरचाच माणूस देतोय म्हटल्यावर कोण कशाला उघडून बघतंय! जेवणाच्या टेबलावर, मांसाच्या ताटाशेजारी, त्याने ते भरलेलंच ठेवलं आणि म्हणाला, भरलेलं आहे, सांभाळ.

केरी तिथेच होती. तिने काटा खाली ठेवला. "आई, तुझ्या गाडीत माझी पोर बसते."

"ती असेल त्या दिवशी ते घरी, कुलपात," नोरीन म्हणाली. "शब्द देते."

लाइलने कमरेला लावायचं चामडी म्यानही दिलं होतं. पण दिवसभर पियानोच्या पोटात वाकून काम करणाऱ्या बाईला ते बरगडीत टोचायचं. म्हणून पिस्तूल माझ्याकडे आलं. म्यानासकट ते कोणत्याच कप्प्यात मावेना, म्हणून म्यान घरी राहिलं. नुसतं पिस्तूल मावलं ते फक्त मधल्या कप्प्यात. पेपरमिंट उचलून नोरीनने पुढच्या कप्प्यात टाकले. एवढा साधा बदल. तो तिने कोणालाही सांगितला नाही, कारण तो सांगण्याजोगा आहे, असं तिला वाटलंच नाही. नादकाटा त्या लोखंडावर घासायचा आणि वाईट वाजायचा. मला ते मुळीच खपत नव्हतं, पण बॅगेला कोण विचारतो?

शनिवारी आम्ही लांबच्या एका शेतावर जाऊन आलो. रविवारी सकाळी नोरीनच्या एका हातात चर्चच्या जेवणासाठी भाजलेल्या पीचच्या गोडाची कढत थाळी होती. दुसऱ्या हाताने तिने मला खांद्यावर टाकलं आणि दार ओढलं. शब्द दिलेला होता, कुलपाचं कपाटही घरात होतं, आणि मी मात्र पिस्तुलासकट चर्चकडे निघाले होते. मला माहीत होतं, मित्रांनो. तिला आठवत नव्हतं.

पहिल्या बाकावर आम्ही नेहमीसारखे बसलो. नोरीन, मी, ज्यूनी, आणि तिच्या पलीकडे केरी. मागच्या बाकावर लाइल. प्रवचन संपलं. पाद्रींनी डोळे मिटायला सांगितले. नोरीन उठली, चार पावलांवरच्या पियानोशी बसली आणि वाजवू लागली. दीडशे माणसांच्या माना खाली होत्या.

ज्यूनीचा हात माझ्यावर आला. मी जन्मभर माझ्या वाकड्या चेनला नावं ठेवली, पण त्या क्षणी मी तिच्या विनवण्या केल्या. अड, बाई, आज अड. चेन अर्ध्यावर अडलीही. मग तो चिमुकला डावा अंगठा खालून दाबला गेला, उजवा हात वर उचलला गेला, आणि चेन सरकली. आजीने शिकवलं होतं ना.

हात आत आला. तिला थंड लोखंड लागलं, नादकाटा लागला, पेपरमिंट लागले नाहीत. ते खाली दबले असतील, असं तिला वाटलं असणार. म्हणून वाटेत आलेली जड वस्तू ती बाहेर काढू लागली, फक्त बाजूला ठेवायला. एका हाताने उचलेना म्हणून तिने दुसरा हात लावला. पकड घट्ट व्हावी म्हणून एक बोट पिस्तुलाच्या घोड्याभोवतीच्या कडीत घातलं. पिस्तुलाचं तोंड तिच्या आईच्या बरगडीकडे होतं आणि आई डोळे मिटून प्रार्थना करत होती. माझं चामडं थिजलं. मला ना हात, ना आवाज.

सगळ्या चर्चमध्ये उघडे डोळे दोघींचेच होते, नातीचे आणि पियानो वाजवणारीचे. नोरीनने मान वर केली आणि पाहिलं.  ती ओरडली असती तर पोर दचकली असती आणि तिने मूठ आवळली असती. पियानो एकदम थांबला असता तर लोकांनी डोळे उघडले असते आणि दुसरं कोणी ओरडलं असतं. म्हणून ती उठली आणि जी चाल वाजवत होती तीच गुणगुणू लागली. लोकांना वाटलं, आज वादनाच्या जागी गाणं आहे. कोणी हललं नाही. ती चार पावलं चालली. आवाज दोनदा फाटला, पण तिने तो तुटू दिला नाही. ती ज्यूनीपुढे गुडघ्यांवर बसली, पिस्तुलाचं तोंड एका हाताने जमिनीकडे वळवलं, आणि दुसऱ्या हाताने ते बोट कडीतून हळूच सोडवलं.

ज्यूनी तिच्या कानाशी कुजबुजली, "आजी, पेपरमिंट सापडत नाहीयेत."

मग पाद्री आमेन म्हणाले आणि सगळ्यांनी डोळे उघडले.

लाइलने बाकावरून वाकून पिस्तूल घेतलं आणि ते रिकामं केलं. नळीतलं काडतूस बाहेर उडालं, लाकडी जमिनीवर आपटलं आणि गडगडत पियानोखाली गेलं.  बर्डेटच्या दुकानात दहा माणसांना पिस्तुलाचे गुण सांगणारा लाइल जमिनीवर ओणवा होऊन ते शोधू लागला. केरीने पोरीला उचलून छातीशी धरलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तू शब्द दिला होतास, आई." आणि ती निघून गेली. पीचच्या थाळीला त्या दिवशी कोणी हात लावला नाही.

सोमवारी आम्ही बर्डेटकडे गेलो. नोरीनने झालेलं सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं.  बर्डेट म्हणाला की दोष बॅगेत ठेवण्याचा, कमरेला लावलं असतं तर असं झालं नसतं, आणि त्याच्याकडे न टोचणारा पट्टा आहे.

"चूक पिस्तुलाची नव्हती, ठाऊक आहे मला," नोरीन म्हणाली. "चूक माझी. आणि माझ्या चुका या वयात मी चांगल्या ओळखते, बर्डेट. गेल्या आठवड्यात माझा चष्मा फ्रिजमध्ये निघाला. मागच्या बाजूला, लोणच्याशेजारी."

"आणि तो करड्या गाडीवाला?"

"तो आहेच. मी भिते त्याला. भीत भीत जाईन."

बर्डेटने तिच्या नावाची चिठ्ठी काढली आणि चुरगळून खिशात घातली. आता नोरीन प्रत्येक शेतावर पोचली की लाइलला फोन करते, निघाली की पुन्हा करते. भीती गेलेली नाही. आरशात करडी गाडी दिसली की तिचा हात अजून माझा पट्टा आवळतो. लाइल अजून पिस्तूल लावतो, तो त्याचा प्रश्न. मी चामड्याची बॅग, कोणाला शहाणपण शिकवू?

तीन रविवार केरी मुलीला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. चौथ्या रविवारी त्या दोघी पुढे आल्या. पेपरमिंट आता मधल्या कप्प्यात परत आले होते आणि नोरीनने चेन आधीच पूर्ण उघडून ठेवली होती. प्रार्थनेची वेळ झाली. नोरीन उठणार तेवढ्यात तिने पाहिलं, ज्यूनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

"घे की गं," नोरीन हळूच म्हणाली. "तुझेच आहेत."

"आधी तू बघ," ज्यूनी म्हणाली.

नोरीन खाली बसली. तिने एकेक वस्तू काढून मांडीवर ठेवली. नादकाटा, रुमाल, सात पेपरमिंट. मग मला उलटं करून झटकलं आणि आतलं सगळं अस्तर नातीला दाखवलं. मग सगळं परत ठेवलं. पाद्री थांबले होते. सगळं चर्च थांबलं होतं.

तेव्हा कुठे ज्यूनीने हात घातला. तिने माझे चारही कोपरे बोटांनी चाचपले, सावकाश, बर्डेट चाचपतो तसे. त्याचं दुकान तिने कधी पाहिलेलं नाही. मग तिने एक पेपरमिंट घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी बॅग असेल, फडताळ असेल, आजोबांच्या कोटाचा खिसा असेल. तिथे काय ठेवता, याचा विचार ठेवण्याआधी करा. माझ्या पोटातून कोणाचा जीव गेला नाही, लोक म्हणतात आपण थोडक्यात वाचलो. पण ती पोर माझ्यात हात घालायची तो न बघता घालायची. तो हात मला परत मिळणार नाही. तुमच्याकडे अजून येत असेल, तर त्याला जपा.